मृताचे मैल : देवळाली कॅम्पच्या बराकीपासून विमानकंपनीच्या वहीपर्यंत

१/
घरातील कर्ता माणूस जातो. दिवसकार्याच्या धावपळीत त्याचा मोबाइल कोणीतरी चार्ज करून ठेवतो आणि त्यावर संदेश उमटतो : आपल्या खात्यात लाखभर माइल्स शिल्लक आहेत, त्यांतील काही लवकरच बाद होतील. परदेशातील मुलांकडे केलेल्या फेऱ्यांमधून ते मैल साठलेले असतात. मुलाला रामकुंडावरील दशक्रियेसाठी तातडीने नाशिक गाठायचे असते, विमानाच्या तिकिटाचा भाव गगनाला भिडलेला असतो आणि गेलेल्याच्या खात्यात त्या तिकिटापुरते मैल पडून असतात. ते आता कोणाचे? मुलांचे, पत्नीचे, की कोणाचेच नाहीत?

२/
प्रश्न इंटरनेटच्या काळातला वाटतो. प्रत्यक्षात तो बराच जुना आहे, आणि त्याचा एक धागा नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातून जातो. कमावलेल्या परतीच्या प्रवासाची वाट पाहणे हाच ज्या गावाचा मुख्य व्यवसाय होता, असे हे गाव. एवढेच काय, इंग्रजी भाषेला या गावाने वेडेपणासाठी एक शब्दही दिला. तिकडे क्रमाने येऊ.

३/
देवळाली कॅम्प म्हटले की आज तोफखान्याची शाळा, लॅम रोडवरची झाडे, कोरडी हवा आणि पारशी-गुजराती-जैन समाजांची आरोग्यभवने डोळ्यांसमोर येतात. तोफखान्याची शाळा फाळणीच्या वेळी काकूलहून इकडे आली. तो इतिहास नंतरचा. त्याआधीची जवळजवळ नऊ दशके या छावणीची ओळख ‘ट्रान्झिट कॅम्प’ अशी होती. १८६१ मध्ये ब्रिटिश फौजेने येथे तळ उभारला. थळघाट ओलांडून रेल्वे वर आल्यावर मुंबई बंदर एका रात्रीच्या टप्प्यात आले. विलायतेहून उतरलेल्या तुकड्या मुंबईच्या दमट हवेत ठेवण्याऐवजी येथे आणायच्या, आणि परतणाऱ्या तुकड्या जहाज लागेपर्यंत येथेच थांबवायच्या, अशी व्यवस्था बसली. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरात येथील बराकींची क्षमता पाच हजार माणसांची सांगितली आहे.

४/
परतणारा शिपाई येथे येत असे तो मुदत भरल्यावर. १८७० च्या फौजभरती कायद्याने अल्पमुदतीची नोकरी सुरू झाली : काही वर्षे प्रत्यक्ष फौजेत, उरलेली राखीव दलात. हिंदुस्थानातील वर्षे पुरी झाली की सरकारी खर्चाने मायदेशी परतण्याचा त्याला हक्क मिळे. मात्र फौजी जहाजांचा हंगाम ठरलेला असे. पावसाळा सरल्यावर सुरू होई आणि मार्चच्या सुमारास संपे. ज्याची मुदत शेवटचे जहाज सुटल्यावर भरली, त्याने पुढच्या हंगामापर्यंत बसून राहायचे. कवायत नाही, काम नाही, डोक्यावर नाशिकचा उन्हाळा, आणि हातात फक्त एक हक्क, जो आज वापरता येत नाही.

५/
या रिकाम्या महिन्यांत माणसे बिघडत. दारू, मारामाऱ्या, गुप्तरोग, उदासीनता. ‘देवळालीचा ताप’ हा शब्दप्रयोग गोऱ्या शिपायांच्या तोंडी ‘डूलॅली टॅप’ असा रुळला आणि पुढे शेपूट गळून नुसता ‘डूलॅली’ म्हणजे डोके फिरलेला, असा शब्द इंग्रजी कोशांत जाऊन बसला. त्यातला ‘टॅप’ हा आपला ‘ताप’च. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत देवळालीतील या प्रतीक्षेचे वर्णन आहे. इंग्रजी वाचकाला तो शब्द गमतीचा वाटतो. बीबीसीने १९७४ पासून देवळालीच्या छावणीवर एक विनोदी मालिकाही चालवली. शब्दाच्या मुळाशी मात्र गंमत फारशी नाही.

६/
त्या शिपायाच्या हक्काचे स्वरूप जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. तो हक्क त्याने वर्षानुवर्षांच्या नोकरीतून कमावलेला होता. पण तो विकता येत नव्हता. सोबत्याला देता येत नव्हता. त्याचे रोख पैसे मिळत नव्हते. तो केव्हा आणि कोणत्या जहाजावर वापरायचा, हे देणारा ठरवीत असे. आणि शिपाई मेला की तो संपत असे. आज कोणत्याही विमानकंपनीच्या सदस्यत्वाच्या अटी उघडल्या, तर हीच कलमे थोड्याफार फरकाने, फक्त अधिक सफाईदार भाषेत सापडतात.

७/
मग देवळालीच्या बराकीत वाट पाहता पाहता पटकी किंवा हिवतापाने शिपाई दगावला, तर त्याच्या मागे काय उरे? येथे ब्रिटिश फौजेचा कायदा आश्चर्य वाटावे इतका काटेकोर होता. १८६३ आणि मग १८९३ च्या ‘रेजिमेंटल डेट्स’ कायद्यांनी मृताच्या वस्तूंची विल्हेवाट ठरवून दिली होती. अधिकाऱ्यांनी सामानाची यादी करायची, पलटणीतली देणी आधी भागवायची, वस्तू लिलावात काढायच्या, आणि उरलेली रक्कम वारसाकडे पोचवायची. घड्याळ, पेटी, बूट, थकलेला पगार, सगळ्याचे पैसे होत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ब्रिटिश युद्धखात्याने ठेवलेल्या ‘मृत शिपायांच्या मालमत्तेच्या नोंदवह्या’ आजही लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमकडे जपलेल्या आहेत. नाव, मृत्यूची तारीख, शिल्लक रक्कम, ती कोणाला दिली. बहुतेक ठिकाणी पुढे लिहिलेले असते : आई, विधवा, भाऊ.

८/
त्या वहीत न वापरलेल्या परतीच्या प्रवासासाठी रकाना नाही. बुटांची किंमत वारसाला मिळे, समुद्रप्रवासाची मिळत नसे. बूट ही मालमत्ता होती; प्रवास ही सवलत होती. साऱ्या प्रकरणाची गाठ या एका भेदात आहे. कष्ट दोहोंसाठी सारखेच पडलेले असतात. कोणत्या कमाईला मालमत्ता म्हणायचे आणि कोणत्या कमाईला सवलत, हे मात्र वही लिहिणारा ठरवतो.

(लिलावाची ती रीत इतिहासजमा झालेली नाही. स्वतंत्र भारताने १९५० मध्ये स्थलसेना व वायुसेना यांच्यातील मृतांच्या खासगी मालमत्तेच्या विल्हेवाटीसाठी स्वतंत्र कायदा केला. समायोजन समिती, फौजी देणी, उरलेले वारसाला, हा सांगाडा त्यात ओळखीचा वाटेल.)

९/
शिपायाच्या बायकोची कथा याहून कडवट आहे. परवानगीने लग्न केलेल्या ठरावीक शिपायांच्याच बायका पलटणीच्या पटावर घेतल्या जात. पटावरच्या बायकोला शिधा, बराकीत जागा आणि जहाजावर मोफत जागा मिळे. पटाबाहेरच्या बायकोला यातले काहीच नाही. म्हणजे तिचा प्रवासाचा हक्क नवऱ्याच्या नोकरीला टाचलेला होता. नवरा गेला की तिला थोडाच काळ आधार मिळे, तोही मेहेरबानी म्हणून. हिंदुस्थानातल्या पलटणींत विधवा लवकरच दुसऱ्या शिपायाशी लग्न करताना दिसत, याबद्दल त्या काळच्या साहेबांनी नाके मुरडली आहेत. पट, शिधा आणि जहाज या तिन्ही गोष्टी नव्या नवऱ्याच्या नावावर पुन्हा मिळत, हे लक्षात घेतले तर नाक मुरडण्याचे कारण उरत नाही. मृताचा हक्क वापरण्याची दुसरी वाट तिला कोणी ठेवलीच नव्हती.

१०/
हा भेद इंग्रजांनी आणला असे मात्र नाही. मराठी दप्तरांत तो फार आधीपासून, फार स्वच्छ शब्दांत आहे. वतन आणि सरंजाम. वतन वंशपरंपरेने चाले. त्याच्या वाटण्या होत, ते गहाण पडे, विकले जाई, आणि भाऊबंदकीच्या कज्ज्यांनी आपली कागदपत्रे भरून गेली आहेत ती मुख्यतः त्यापायीच. सरंजाम हा चाकरीसाठी, फौज बाळगण्यासाठी दिलेला. सरंजामदार वारला की तत्त्वतः सरंजाम सरकारात परत. मुलाच्या नावे नवी सनद हवी असेल तर नजर भरायची. व्यवहारात बहुतेक सरंजाम मुलाकडेच जात. परंतु ‘जाणे’ आणि ‘दिले जाणे’ यांत जे अंतर असते, त्यात सरकारची सत्ता राहत असे. आजच्या एखाद्या कंपनीच्या अटीत ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ असे शब्द दिसले की जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकाला नजराण्याची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे.

११/
या दोहोंच्या शेजारी आणखी एक शब्द आहे, आणि तो विसरता कामा नये : बालपरवेशी. लढाईत पडलेल्या शिपायाच्या किंवा सरदाराच्या बायकामुलांच्या पोटासाठी नेमून दिलेले उत्पन्न. येथे चाकरी करणारा माणूस उरलेला नाही, पुढे चाकरी होण्याची खात्री नाही, तरीही त्याने केलेल्या चाकरीचे फळ घरच्यांना मिळते. बालपरवेशीचा अर्थ एवढाच की मराठी राज्यकर्त्यांना चाकरीच्या मोबदल्यातला काही भाग मरणानंतरही देणे लागतो, हे ठाऊक होते. ते दान समजून देत की ऋण समजून, यावर वाद होऊ शकेल. पण त्यासाठी वेगळा शब्द घडवावा लागला, हेच पुरेसे बोलके आहे.

१२/
पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने या गुंतागुंतीत हात घातला. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि मुंबई इलाख्यात घरोघर एकच प्रश्न गेला : सनद दाखवा. आजोबांना जमीन कोणी दिली, कोणत्या शब्दांत दिली, ‘पुत्रपौत्रादी’ असे लिहिले आहे की नाही. ज्यांच्या घरी कागद वाळवीने खाल्ले होते, त्यांची तीन-तीन पिढ्यांची वहिवाट फिकी पडली. दक्षिणेतील इनामदारांच्या मनात १८५७ पूर्वी जो असंतोष साचला, त्याचे एक मोठे कारण हेच मानले जाते. कमिशनच्या दृष्टीने वहिवाट हा पुरावा दुय्यम होता; शब्द मुख्य. एका शब्दावर घराचे भवितव्य ठरे.

१३/
आता विमानाकडे. ग्राहकाला निष्ठेबद्दल गुण देण्याची कल्पना विमानापेक्षा जुनी; अमेरिकेत १८९६ पासून ‘एस अँड एच’ कंपनीची हिरवी तिकिटे दुकानांतून मिळत, वहीत चिकटवायची आणि बदल्यात वस्तू न्यायची. ती वही घरातल्या कपाटात असे. आई वारली तर मुलगी ती उचलून दुकानात जाई आणि दुकानदार काही विचारत नसे. कागदाच्या तिकिटाला मालकाचे नाव नव्हते.

१४/
१९७८ मध्ये अमेरिकेने विमानवाहतुकीवरील सरकारी नियंत्रणे उठवली. भाडी स्वस्त झाली, स्पर्धा वाढली, आणि एकदा आलेला प्रवासी पुन्हा आपल्याकडेच कसा येईल ही विवंचना सुरू झाली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हांटेज’ योजना जाहीर केली. काही दिवसांतच युनायटेडची योजना आली. यातली खरी नवी गोष्ट मैल ही नव्हती, संगणक होता. गुण आता ग्राहकाच्या कपाटात राहत नव्हते. कंपनीच्या यंत्रात, एका नावापुढे, एक आकडा म्हणून राहत होते. वही हात बदलून मालकाकडून देणाऱ्याकडे गेली. माणूस मेल्यावर उचलून नेण्यासारखे घरात काही उरले नाही.

१५/
भारतात ही लाट १९९० च्या दशकात आली. खासगी विमानसेवांना मोकळीक मिळाली, जेट एअरवेजने मे १९९३ मध्ये उड्डाणे सुरू केली, एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजना आली, मग क्रेडिट कार्डांचे गुण, पेट्रोलपंपांचे गुण, औषधदुकानांचे गुण. मध्यमवर्गीय मराठी घरात एक नवे धन साठू लागले, जे ना पासबुकात दिसत होते ना मृत्युपत्रात. नाशिक परिसरातील ज्या कुटुंबांची मुले अमेरिकेत किंवा आखातात गेली, त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या नावावर ते सर्वाधिक साठले. सत्तरीतला माणूस वर्षाआड अटलांटिक ओलांडतो तेव्हा मैल भराभर वाढतात. वापरण्याचा हुरूप मात्र तितकासा नसतो.

१६/
मरणोत्तर नियमांत कंपन्यांत एकवाक्यता नाही. डेल्टाने २०१३ मध्ये मृत्यूनंतर मैल हस्तांतरित करण्याची वाट बंद केली. अमेरिकन एअरलाइन्सच्या अटी म्हणतात की मैल वारसाहक्काने जात नाहीत. पण मृत्युपत्रात नाव असेल, कागद समाधानकारक असतील आणि शुल्क भरले, तर कंपनी आपल्या मर्जीने ते त्या व्यक्तीच्या खात्यात टाकू शकते. सरंजामाची नवी सनद आणि नजर यांहून हे वेगळे काय आहे? अनेक योजनांत मात्र एक वाक्य समान असते : गुण ही सदस्याची मालमत्ता नाही. हे वाक्य सहज पडलेले नाही. मालमत्ता म्हटली की ती वारसाकडे जाते, वाटणीत येते, बुडाली तर दावा लागतो. ती मालमत्ता नाही म्हटले की हे सारे एका फटक्यात संपते.

कंपनीचा हा अधिकार किती पोचतो, याचे उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल २०१४ रोजी दिले. फार तक्रारी करतो म्हणून नॉर्थवेस्टने एका धर्मगुरूचे वरच्या दर्जाचे सदस्यत्व रद्द केले होते. कंपनीने सद्‌भावनेने वागायला हवे होते, हा त्याचा दावा १९७८ च्या त्याच नियंत्रणमुक्ती कायद्यापुढे टिकला नाही. निकाल एकमताचा होता. तो भारतात बंधनकारक नाही. पण अटी लिहिणाऱ्यांचे धैर्य कोठून येते ते त्यावरून कळते.

१७/
आता याच मैलांकडे कंपनीच्या दुसऱ्या दालनातून पाहावे. हिशेबाच्या नियमांनुसार ग्राहकाला दिलेले गुण हे कंपनीवरचे देणे असते. आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांत २००७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शन आले. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ‘इंड एएस ११५’ मध्ये ते तत्त्व आहे. तिकिटाच्या पैशांतील काही भाग गुणांसाठी बाजूला ठेवायचा आणि गुण वापरले गेले, की उत्पन्न म्हणून दाखवायचा. किती गुण कधीच वापरले जाणार नाहीत, याचाही अंदाज त्यात धरलेला असतो. त्या अंदाजात विसरभोळे येतात, कंटाळलेले येतात, आणि मेलेलेही येतात.

१८/
याहून मोठा विरोधाभास महामारीने उघडा पाडला. विमाने जमिनीवर होती, पैसा येत नव्हता. तेव्हा अमेरिकी कंपन्यांनी बँका आणि गुंतवणूकदारांपुढे गहाण ठेवले ते या योजनाच. २०२० मध्ये युनायटेडने ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने ९ अब्ज. मार्च २०२१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने १० अब्ज. धनको समोर आला की योजना अब्जावधींची मालमत्ता ठरते. विधवा समोर आली की तिच्यातला एक-एक मैल निव्वळ सवलत ठरतो. इनाम कमिशनच्या साहेबालाही हा चलाखपणा आवडला असता.

१९/
भारतीय कायद्यात वारसाची वाट कोणती, हेही पाहिले पाहिजे. हिंदू कुटुंबात १९५६ चा वारसा कायदा, देवळालीच्या पारशी कुटुंबात १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातील त्यांच्यासाठीचे प्रकरण. पण दोन्ही कायदे मालमत्तेचे वाटप करतात. काय मालमत्ता आहे हे ते सांगत नाहीत. म्हणजे पहिलाच प्रश्न करारावर येऊन अडतो.

आणि जेथे नामनिर्देशनाची सोय असते, तेथेही एक गैरसमज पक्का आहे : नॉमिनी म्हणजे मालक. हा समज सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी ज्या खटल्यात खोडला, तो मराठी घरातला होता. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ मध्ये वारले, त्यांच्या म्युच्युअल फंड आणि मुदतठेवींवरून वारसांत वाद झाला. न्यायालयाने स्पष्ट केले की नॉमिनी केवळ रक्कम स्वीकारतो, मालकी वारसाहक्काच्या कायद्यानेच ठरते. भिंतीवरच्या ज्या दिनदर्शिकेत पिढ्यान्‌पिढ्या श्राद्धतिथी पाहिल्या गेल्या, तिच्या कर्त्याच्या नावाने हा निकाल ओळखला जावा, हा योगायोग विलक्षण खरा.

२०/
नवे पाऊल म्हणावे असे एकच : २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा. त्याच्या चौदाव्या कलमाने आपल्या मृत्यूनंतर आपले विदाविषयक हक्क कोणी बजावायचे, त्या व्यक्तीचे नाव नोंदवण्याची मुभा दिली. पण हा हक्क विदेपुरता आहे. वडिलांनी कोणत्या तारखेला कोठे प्रवास केला, ही माहिती त्यातून मागता येईल. त्या प्रवासातून साठलेले मैल नव्हे.

२१/
व्यवहारात कागद आणि काळ यांची गाठ पडत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. देवळाली कॅम्पात ती कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे होत आली आहे. वारस दाखल्याला किंवा न्यायालयाच्या उत्तराधिकार प्रमाणपत्राला महिने लागतात. दशक्रिया दहाव्या दिवशी असते. म्हणून बहुतेक घरांत घडते ते असे : फोन घरातच असतो, पासवर्ड कोणाला तरी ठाऊक असतो, ओटीपी त्याच फोनवर येतो, आणि गेलेल्या माणसाच्या खात्यातून मुलाचे तिकीट निघते. अटींनुसार हे चूक आहे. कंपनीला कळले तर तिकीट रद्द होऊ शकते, खाते गोठू शकते. नैतिकदृष्ट्या या कृतीला चोरी म्हणायला जीभ रेटत नाही. नवऱ्याच्या पटावरचे नाव टिकवण्यासाठी दुसरे लग्न करणारी बराकीतली विधवा आणि ओटीपी टाकणारा मुलगा, दोघेही एकाच बंद दारापुढे उभे आहेत. दार उघडायचे तर ते हयातीतच : कुटुंबाचे गुण एकत्र ठेवण्याची सोय अनेक योजनांत असते, आणि आपल्या मैलांवर दुसऱ्याचे तिकीट काढण्याची मुभा बहुतेकांत असते.

२२/
भारतात या दाराला फट पाडणारी व्यवस्था आहे, आणि ती देवळाली स्थानकावरून रोज ये-जा करते. रेल्वे. इगतपुरी, देवळाली, मनमाड, भुसावळ हा पट्टा रेल्वेच्या घरांचा. रेल्वे कर्मचाऱ्याला निवृत्तीनंतरही मोफत पास मिळतात. पूर्वी तो वारला की पासही संपत. १९८७ पासून विधवा पासाची योजना आली : पतीला मिळाले असते त्याच्या निम्मे पास पत्नीला. निम्मेच का, याचे समाधानकारक उत्तर देणे अवघड आहे. पण तिचे नाव नियमात आहे. ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही, तिला कोणाचा पासवर्ड लागत नाही. फौजी कॅन्टीनच्या कार्डाचेही तसेच. जवान गेल्यावर त्याचे कार्ड परत करायचे आणि पत्नीने स्वतःच्या नावाचे घ्यायचे. हक्क मृताकडून वाहत आला तरी नाव जिवंत माणसाचे. बालपरवेशीची रीत येथे नकळत चालू राहिलेली दिसते.

२३/
आणि कंपनीच मेली तर? हे भारतात घडून गेले आहे. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान उतरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. कर्मचाऱ्यांचे पगार थकले, प्रवाशांचे परतावे अडकले. मैलांची योजना मात्र वेगळ्या कंपनीच्या नावावर होती; ती ‘इंटरमाइल्स’ हे नवे नाव घेऊन चालू राहिली आणि सदस्यांचे जुने मैलही तिच्यासोबत पुढे गेले. त्याच नोव्हेंबरात, १२ तारखेला, विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. ‘क्लब विस्तारा’चे गुण एअर इंडियाच्या योजनेत एकास एक प्रमाणात जमा झाले. त्यासाठी कोणत्याही सदस्याला वारस दाखला द्यावा लागला नाही.